गावाच्या नावानं हजेरी

सिस्टर फिलोमिना हजेरी घ्यायच्या ती गावाच्या नावानं. "परंडा?" "हजर, सिस्टर." "मुरुम थोरली?" "हजर." "मुरुम धाकटी?" "ती आली न्हाय, सिस्टर. बहिणीचं लगीन हाय." "बहिणीचंच हाय न्हवं? तिचं न्हाय?" सगळा वर्ग हसायचा, आणि सिस्टर मात्र खरोखरच्या काळजीनं वहीत खूण करायच्या. एका गावच्या दोघी असल्या तर थोरली-धाकटी, तिघी असल्या तर मधली. विद्यापीठाला दाखवायचं हजेरीपुस्तक ऑफिसात वेगळं असे, त्यात नाव-आडनाव सगळं रीतसर. पण प्राचार्य असूनही पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा तास त्या स्वतः घ्यायच्या, आणि त्या तासाला ही त्यांची वही असायची.

मी बेंबळी. माझं आडनाव ऐकलं की आमच्या भागात कुणालाही कळतं, हिच्या घरी मेंढरं आहेत. शाळेत मुली माझ्या बाकावर बसत नसत, वास येतो म्हणायच्या. कॉलेजच्या पहिल्या दिवशी आडनाव पुकारलं जाणार म्हणून मी अगदी मागं, भिंतीला चिकटून बसले होते. "बेंबळी?" असा आवाज आला तरी मला कळेना की हे मलाच. पुढं तीन वर्षं मी बेंबळी राहिले, आणि बी.ए. होऊन तिथल्याच ऑफिसात कारकून झाले तरी बेंबळीच. एकदा धीर करून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आडनाव घेतलं की निम्म्या पोरी खाली बघत्यात. गाव घेतलं की सगळ्या वर बघत्यात. मला तोंडं दिसाया पायजेत."

सिस्टर मूळच्या वसईच्या. घरची भाषा मराठीच, पण तिकडची. धाराशिवला नव्या आल्या तेव्हा मुली त्यांच्या बोलण्याला हसल्या म्हणे. मग त्यांनी वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींकडून आणि एस्टीच्या कंडक्टरांकडून आमची बोली अशी उचलली, की सुट्टीला घरी गेल्यावर भावंडं हसायची. आवाज भसाडा होता. चॅपेलमध्ये प्रार्थनेला बाकीच्या दोन सिस्टर गायला लागल्या की या नुसते ओठ हलवायच्या. "देवाला माझ्याकडनं शांतताच पायजे," म्हणायच्या.

शहराच्या कडेला आठ खोल्यांचं ते मुलींचं कॉलेज. मागं वसतिगृह, बाजूला चॅपेल. मालकी धर्मप्रांताची, म्हणजे शेवटचा शब्द बिशपांचा. चालवायच्या मात्र सिस्टर. मुली सगळ्या आसपासच्या गावच्या, बहुतेक हिंदू नाहीतर मुसलमान. सुरुवातीला गावागावांत कुजबुज होती, तिथं पोरी बाटवतात म्हणून. एक पालक तावातावानं भांडायला आले, तर सिस्टरांनी उत्तरपत्रिकांचा ढीग त्यांच्यापुढं सरकवला. "बाटवाया मला येळ कुठं हाय? हे सगळं शुक्रवारपर्यंत तपासायचंय." ते पालक चहा पिऊन गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पुतणीलाही आणून सोडलं.

माझे वडील मला घेऊन आले तेव्हा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले होते. "शिस्टरबाई, ही शिकंल का पर?" सिस्टरांनी त्यांना आत खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, "मामा, तुमी मेंढरू तोंडावरनं वळकता न्हवं? तशी मी पोरगी वळकते. ही शिकंल. पर अक्षर लई वंगाळ हाय तिचं, ते मी बघते." आणि खरंच बघितलं. वर्षभर मला रोज एक पान लिहायला लावलं, लाल शाईनं गिरवून दिलं. आज माझं अक्षर बघून लोक विचारतात, कुठं शिकलात. तेव्हा मी विषय बदलते.

नवे बिशप आले त्या वर्षी पत्र आलं. कॉलेजातल्या विद्यार्थिनींची धर्मवार यादी पाठवावी. सिस्टरांनी ते वाचलं आणि खणात ठेवलं. पुन्हा आलं, पुन्हा खणात. तिसऱ्या पत्राची भाषा कडक होती, आणि पाठोपाठ त्यांच्या सिस्टरांच्या संघाच्या प्रमुख मदरांचा फोन आला. मी शेजारच्या टेबलावर होते. सिस्टर फोनवर म्हणत होत्या, "मदर, मी आज्ञा मोडत न्हाय. मी पोरींना कदी इचारलंच न्हाय. मला जे ठावंच न्हाय ते लिहू कसं?" फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत बसल्या. आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बाईला 'तू आज्ञा मोडतेस' हे ऐकणं काय असतं, ते मला त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मी घाबरले. यांना आता इथून काढणार, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. सिस्टर विद्यापीठाच्या कामाला दोन दिवस बाहेर गेल्या होत्या. प्रवेशअर्ज माझ्याच ताब्यात. मी ते काढले, धर्माचा रकाना बघून बघून यादी केली, कॉलेजच्या कागदावर स्वच्छ उतरवली, खाली 'प्राचार्यांकरिता' म्हणून सही केली, शिक्का मारला आणि पोस्टात टाकली. ख्रिस्ती मुली तीन. बाकी दोनशेवर इतर. खोटं कशाला सांगू, मला त्या यादीचा अभिमान वाटला होता. मला वाटलं, आपल्या सिस्टर किती परक्या घरच्या मुली शिकवतात हे बघून बिशपांची छाती फुगेल. लोक देवळाबाहेर पाणपोई घालतात तेव्हा येणाऱ्याची जात विचारत नाहीत, तसंच काहीतरी मी समजत होते.

दोन महिन्यांनी बिशप आले. वाईट माणूस नव्हता तो, हे आधी सांगते. साधा, मवाळ बोलणारा, गुडघे दुखायचे म्हणून हळूहळू चालणारा. वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांनी हजेरी ऐकली. पोरी नव्या, पण गावं तीच: बेंबळी, परंडा, मुरुम थोरली, मुरुम धाकटी. हसलेही मधेच. मग ऑफिसात बसले. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा ते विचारत होते, "सिस्टर, यांतल्या आपल्या किती?"

"सगळ्या," सिस्टर म्हणाल्या.

बिशपांनी फाइल उघडून एक कागद त्यांच्यापुढं ठेवला. "तुमच्याच ऑफिसची यादी तीन म्हणते."

मी ट्रे टेबलावर ठेवला. सिस्टरांनी कागद उचलला. ते अक्षर त्यांनी स्वतः वळण लावून घडवलेलं. ओळखायला किती वेळ लागणार? त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. कागद नीट घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "यादी बरोबर हाय. माझ्या ऑफिसातनं गेली म्हंजे माझीच हाय."

बिशप शांतपणे समजावत राहिले. धर्मप्रांताच्या दुसऱ्या टोकाला आपली माणसं आहेत, त्यांच्या मुलांना बारावीनंतर शिकायला जागा नाही. सिस्टर थोड्या, पैसा थोडा. इथं चालवायचं की तिथं, हे ठरवावं लागतं. त्यांच्या बोलण्यात न पटण्यासारखं काही नव्हतं, हे तर फारच वाईट होतं. सिस्टर ऐकून घेऊन म्हणाल्या, "आज्ञा झाली तर पाळीन, स्वामी. पर पटली, आसं म्हणणार न्हाय. त्या तिकडच्या पोरी शिकाव्यात, व्हय. ह्या कशापाई थांबाव्यात?" बिशपांनी फाइल मिटली आणि ते गुडघ्यांवर हात टेकून उठले.

त्या संध्याकाळी सिस्टर चॅपेलमध्ये गेल्या त्या जेवायलाही बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी डोळे सुजलेले होते, पण तास घेतला. आणि मला ऑफिसात हाक मारली ती रोजच्यासारखीच, "बेंबळी, टपाल आलं का गं?"

पुढं आज्ञा आली, आणि जूनपासून पहिल्या वर्षाचे प्रवेश बंद झाले. कॉलेज असं एकदम मरत नाही. आधी एक वर्ग गेला, मग दुसरा. शेवटच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुली तेवढ्या राहिल्या, आणि आपला तास नसतानाही सिस्टर रोज सकाळी वही घेऊन तिथं हजेरी घ्यायच्या. बेंबळीहून पालक यायचे, फाटकातून विचारायचे, "औंदा घेत न्हाय व्हय?" त्यांना नाही म्हणायचं काम माझं होतं. दर वेळी वाटायचं, आत जावं, पायावर डोकं ठेवावं, सांगावं की यादी मी पाठवली. दर वेळी वाटायचं, त्यांना ठाऊक आहेच, मग काय सांगायचं? या दोन्हींच्या मधे मी ती दोन वर्षं काढली.

त्यांना वसईकडं बोलावणं आलं. निघायच्या दिवशी सामान म्हणजे एक बॅग आणि ती वही. मी सगळ्या कागदपत्रांची यादी करून सहीसाठी पुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली, सही केली आणि माझ्या गालावर हात ठेवला. "लई सुधारलं गं तुझं अक्षर," म्हणाल्या. बस. त्यात राग शोधायचा मी कितीदा प्रयत्न केला. तो सापडला असता तर बरं झालं असतं.

पुढं फोन व्हायचे. मी दुसऱ्या एका शाळेच्या ऑफिसात लागले होते. फोनवर त्या गावांची चौकशी करायच्या: परंड्याला पाऊस झाला का, मुरुम धाकटीला पोर झालं का. येत्या सुट्टीत येऊन भेटते, असं मी दर वेळी म्हणायचे. समोर बसूनच सांगायचं होतं मला ते. सुट्ट्या आल्या आणि गेल्या. गेल्या वर्षी फोन आला तो दुसऱ्याच सिस्टरांचा.

आम्ही चौघी रात्रभर एस्टीनं प्रवास करून पोचलो. आमच्या वर्गातली मुरुम थोरली म्हणजे शबाना, ती आता मुरुमलाच शिक्षिका आहे. परंड्याची, मुरुम धाकटी आणि मी. चर्चमागच्या दफनभूमीत पेटी खाली उतरली होती. तरुण फादरांनी प्रार्थना संपवून सांगितलं, "सिस्टरांच्या आपल्या माणसांनी आधी माती द्यावी." भाऊ पुढं झाले, सिस्टर पुढं झाल्या. आम्ही मागं उभ्या होतो. 'आपल्या' म्हटल्यावर मी आणखी एक पाऊल मागं सरले. माझ्याच हातानं लिहिली होती ना ती यादी, कोण आपलं आणि कोण नाही.

बाजूला काठी टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. झगा साधा, पण चालीवरून मी ओळखलं. तेच बिशप, आता निवृत्त. ते आमच्याकडं बघत होते. ओळखलं की नाही, देव जाणे. थोडं बाजूला सरकून त्यांनी वाट करून दिली आणि म्हणाले, "या ना. तुम्ही या."

शबानानं माझा हात धरला. "चल की बेंबळी," म्हणाली.

मी वाकले. मूठभर माती घेतली. वाटेत सगळ्या रस्त्यानं मनात वाक्य जुळवलं होतं, सिस्टर, ती यादी मी पाठवली, मला माफ करा. माती खाली पडली, आणि तोंडातून एवढंच निघालं, "हजर, सिस्टर."