भागिरथीचं फूल

जामखेडच्या पलीकडच्या या वस्तीत सदाफुली कुठे मिळेल म्हणून विचाराल, तर माणूस नुसता तोंडाकडे बघत राहील. भागिरथी म्हणा, लगेच कुणाचंही अंगण दाखवतील. पाच पाकळ्यांच्या त्या गुलाबी फुलाला इथे हेच नाव, आणि ते उगीच पडलेलं नाही.

भागिरथी लग्न होऊन आली तेव्हा बुद्धविहार म्हणजे नुसतं पत्र्याचं छप्पर. बुद्धपौर्णिमा ऐन वैशाखात. फुलं जामखेडहून एसटीनं यायची आणि येईपर्यंत माना टाकायची. नव्या सुनेला ते बघवेना. "दारचं एक फूल न्हाई वाहायला, मंग कसली पौर्णिमा?" असं ती थेट सासऱ्यांसमोर बोलून गेली. नुसती बोलून थांबली नाही, माहेरून ओल्या फडक्यात गुंडाळून रोपं घेऊन आली. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायचं आणि दिवस मावळता भांडी विसळलेलं पाणी विहाराच्या वाफ्याला घालायचं. बायका हसायच्या. वैशाखात वाफा गुलाबी झाला, तशा त्याच बायका रोपं मागायला आल्या. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भागिरथीनं आणली, म्हणून भागिरथी.

यंदा तिचा पुतण्या सम्राट विहार समितीचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या डोक्यात फरशीचं खूळ शिरलं.

"काकू, पौर्णिमा झाली की वाफा काढतो. सगळीकडं पेव्हर ब्लॉक."

भागिरथीचा जीव तुटला, पण विनवण्या करणं तिच्या रक्तातच नाही. "समिती तुमची. मी कोन सांगनार?" म्हणाली आणि पाण्याची बादली उचलून चालती झाली.

पौर्णिमेला वंदना घ्यायला संगमनेरहून भारतीताई आल्या. सम्राटनं मागवलेला झेंडू टेम्पोतच शिजला होता. त्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात घराघरांतून बायका ताटं घेऊन निघाल्या, प्रत्येकीच्या ताटात आपापल्या दारची गुलाबी फुलं. ताईंनी एक फूल उचललं.

"किती टवटवीत. कुठलं हे?"

"भागिरथी," सम्राट सवयीनं बोलून गेला.

"आम्ही सदाफुली म्हणतो."

"आसंल. आमच्यात भागिरथीच." म्हणता म्हणता त्याची नजर मागे बसलेल्या काकूवर गेली, आणि गडी ओशाळला.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक आले. सम्राटनं ते वाफा सोडून भोवतीनं बसवायला सांगितले. भागिरथी पदर खोचून गवंड्याच्या डोक्यावर उभी राहिली.

"कड सरळ घे, बाबा," ती म्हणाली. "माझ्या नावाचा वाफा हाय."