काटा खाली, टाकी भरलेली

भालचंद्र राऊत यांनी आगाशीजवळच्या आपल्या गावात पाण्याच्या टाकीवर बावीस वर्षे पंप चालवला. टाकीबाहेर आकडे रंगवलेली पट्टी होती आणि तिच्यावरून सरकणारा काटा. आतला तरंगता डबा व बाहेरचा काटा एकाच तारेच्या दोन टोकांना बांधलेले. त्यामुळे पाणी चढले की काटा उतरे. नवखा माणूस हमखास फसे. राऊतकाका त्याला एवढेच सांगत, "खाली म्हणजे भरली. डोकं लावू नकोस."

तीन वर्षांपूर्वी पंपघरात पाण्याची पातळी दाखवणारा विजेचा पडदा बसला. त्यावरची निळी पट्टी पाण्याबरोबर वर चढे. न शिकवता कोणालाही कळेल अशी, काकांखेरीज.

पडदा बसल्याच्या नवव्या दिवशी पंपघरासमोरच्या आग्नेसबाईंच्या मुलीचे लग्न होते. रात्रपाळीच्या कृष्णाने पहाटे पंप लावला आणि काकांच्या हाती पाळी देऊन तो घरी गेला. काकांनी पडद्यावरची पट्टी तळाशी पाहिली आणि जुन्या काट्याच्या सवयीने पंप बंद केला. दुपारी मांडवात पाहुणे खरकट्या हातांनी बसून राहिले. पाणी समितीपुढे काका म्हणाले, "कृष्णानं पंप लावलाच नव्हता." वीस वर्षे पंप सांभाळलेल्या माणसाचा शब्द होता, पंपाची वही कोणी मागितली नाही. कृष्णाचे काम गेले. काका गेल्या वर्षी सन्मानाने निवृत्त झाले.

गावच्या पाणीपुरवठ्याची कागदपत्रे जुळवताना ती वही मला मिळाली. त्या तारखेला काकांच्याच अक्षरात नोंद होती : "६.२०. टाकी भरली. पंप बंद." जो लावलाच नव्हता, तो पंप बंद कसा केला, असे मी त्यांना घरी जाऊन विचारले.

काकांनी वही मिटून बाजूला ठेवली. त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाई शेजारी केळीची पाने पुसत होत्या.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "मला तर म्हणालात, तो झोपला होता."

"माझा हात चुकला," काका म्हणाले. "पण साऱ्या गावाला काटा वाचायला मीच शिकवलेला. मीच चुकलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?"

"म्हणून त्याच्या पोटावर पाय दिलात?"

काकांनी वहीतच दुरुस्ती करू का, असे विचारले. मूळ नोंदीला हात लावू नये, म्हणून मी वेगळा कागद दिला. त्यांनी लिहिले : "पंप कृष्णाने लावला होता. बंद मी केला. समितीपुढे मी खोटे बोललो."

"हे तुम्ही वाचून दाखवा समितीला," ते मला म्हणाले.

"खोटं बोलताना कोणाला पुढे केलं होतं?" चंद्रकांताबाईंनी विचारले. "आणि आधी त्याला फोन लावा."

कृष्णा हल्ली नालासोपाऱ्यात एका इमारतीवर पहारेकरी आहे. त्याने सारे ऐकून घेतले.

"काका, मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं. महिनाभर थांबलो. मग काम शोधायला लागलो."

काकांनी फोन खाली ठेवला, कागदाची घडी खिशात घातली आणि मान वर न करता समितीची बैठक कधी आहे ते विचारले.