नव्याआधीची काकडी

"पाहुण्यांना तुझ्या भाषेत काहीतरी बोलून दाखव गं."

बड्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, हे शाळेच्या अंगणात, सगळ्यांदेखत सांगितलं. दप्तरं वाटायला आलेले शहरातले पाहुणे खुर्च्यांवर. समोर मांडी घालून बसलेली आमची पोरं. बाकीच्या शिक्षकांना सर अहो म्हणत. मी तिथली एकटी वारली शिक्षिका, म्हणून मला अगं.

मी उभी राहिले. घरी कुणी आलं की माझी आयेस, माझी आई, जे म्हणते तेच म्हणाले. या, बसा, पाणी प्या. एवढंच. पाहुणे खळखळून हसले. एक बाई म्हणाल्या, "किती गोड! पुन्हा बोला ना." मी पुन्हा बोलले. ते पुन्हा हसले. पोरं हसली नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

माझे कान तापले. मला लाज वाटली. त्या हसणाऱ्यांपुढे नाही, आयेसपुढे. तिचे शब्द माझ्या तोंडात घाणेरडे झाले असं वाटलं. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही ती लाज अंगावर येते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. खोडाळ्याच्या पुढची ती निवासी शाळा, आणि माझी पहिलीच नोकरी. शाळेत घरची बोली बोलायची नाही, हा बड्या सरांचा नियम. पोर बोललं की छडी. पाहुण्यांपुढे मात्र तीच बोली चालत होती, माकडाच्या खेळासारखी.

पहिलीत सोमी होती. मराठी तिला कळत नसे. कळत नाही म्हणून गप्प, गप्प म्हणून मार, मार म्हणून रान तुडवत घरी. पळून गेलेल्या सोमीला तिच्या बापाने परत आणलं तेव्हा तो मला म्हणाला, "बाय, आता पलून आली तं मी नीही आनाचा." तेव्हापासून मी तिला मागच्या पडवीत, हळू आवाजात, आमच्या बोलीत शिकवत होते. चोरून. आपलीच भाषा चोरून! पण पोर टिकली होती.

दप्तरं वाटून झाली. मग सरांनी शाळेच्या मळ्यातल्या काकड्या आणवल्या. वेलावरच्या पहिल्याच, कोवळ्या. चिरून, मीठ लावून फोडी वाटल्या. पाहुणे खाऊ लागले. पोरांनी फोडी हातात घेतल्या आणि तशाच धरून ठेवल्या. एकाही पोराने तोंडाला लावली नाही.

मला कळलं. आमच्या घरांत अजून नवं झालं नव्हतं. नवं पीक आधी देवाला, वाडवडलांना दाखवायचं, मगच माणसांनी खायचं. त्याआधी कुणी खात नाही. पोटात कितीही भूक असो.

"खात का नाहीत हे?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

सोमी पहिल्या रांगेत होती. तीच बोलली. "नवा नीही केला आजून. आयेस बोलली, नीही खावाचा."

सरांनी छडी उचलली. पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा. फुकट द्या, वर यांचाच माज. रानटी ते रानटीच." मग मला म्हणाले, "तू यांच्यातलीच ना? खाऊन दाखव. तू खाल्लीस की खातील."

फोड माझ्या हातात होती. मिठाचं पाणी मनगटापर्यंत ओघळलं होतं. नोकरी कायम व्हायची होती. घरात पगार आणणारी मी पहिलीच. एक घास, बस. कुणाला काय कळणार होतं?

सोमीला कळणार होतं. मी खाल्लं असतं तर तिने कुणाचं ऐकायचं, आयेसचं की माझं? आणि नाही खाल्लं तर छडी तिच्याच पाठीवर. मग ती पळणार, आणि आता बाप तिला परत आणणार नव्हता.

मी फोड ताटात ठेवली. "मी खाणार नाही, सर. आमचं नवं व्हायचंय." मग सर आणि सोमीच्या मधे जाऊन उभी राहिले आणि पोरांना आमच्या बोलीत, मोठ्याने, पडवीतल्या आवाजात नाही, सांगितलं की फोडी ताटात ठेवा, कुणी मारणार नाही. ताट भरत गेलं. या वेळी पाहुणे हसले नाहीत.

"उद्यापासून वर्गावर यायचं नाही," सर म्हणाले. "कोठीत बसून धान्य निवडायचं."

दुसऱ्या दिवशी मी वर्गावर गेले. सोमी होती. सरांनी वर तक्रार केली, माझी बदली झाली, मग आणखी एक. जाईन त्या शाळेत मी पहिलीचाच वर्ग मागून घेतला.

ती अंगणातली लाज अजून गेलेली नाही. जाऊही नये. कुणाच्या करमणुकीसाठी माझ्या बोलीतला एक शब्द मी त्यानंतर उच्चारलेला नाही, उच्चारणार नाही. वर्गात मात्र रोज बोलते, मोठ्याने. ज्याला ऐकायची असेल त्याने खुर्ची बाहेर ठेवावी आणि पोरांच्या मागे मांडी घालून बसावं.