एलिफासची बांधलेली बाग

नारळ पडला की एलिफास मान वळवायचा. घर बागेला लागूनच, त्यामुळे दिवसातून पुष्कळदा वळवावी लागे. जेवताना धप्प, पाय धुताना धप्प, रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाईंचं प्रवचन रंगात आलं असताना लांबून धप्प. बाकीच्यांना तो आवाज ऐकूही येत नसे. याला कुठला माड तेही कळायचं.

"कुणाचा?" त्याची बायको दोर्का विचारी.

"दर्याकडच्या वाकड्याचा."

"भरलेला?"

"वाटला तरी तसा."

मग दोघं पुढ्यातला साबुकंद कोरडाच गिळत. नारळ पडला तिथं पडून राही, त्याला कोंब फुटे, कोंबाची झाडं होत आणि त्या झाडांतून वाट काढायला आता कोयता लागला असता. पण आत जाणार कोण? बागेच्या तोंडाशी दोन खुंटांवर माडाची झावळी आडवी बांधलेली होती. तिला सासी म्हणतात. चर्चमध्ये प्रार्थना करून ती बांधली की बाग बंद, मालकालाही.

वेर्लोर बेटावर जमीन कुणी कधी मोजलेली नाही. ज्याच्या बापानं माड लावला, त्याची ती जागा. एलिफासचा बाप आणि त्याचा चुलता, दोघांनी मिळून ही बाग लावली. कुठल्या ओळी कुणाच्या हे त्या दोघांना ठाऊक होतं, आणि मधोमध खूण म्हणून एक नीरफणस उभा होता. म्हातारे गेले. मग एका वादळात नीरफणसही मुळासकट आडवा झाला, आणि त्याच्या खड्ड्याच्या अल्याड की पल्याड यावरून एलिफास आणि त्याचा चुलतभाऊ ओबेत यांची जुंपली. भांडण सगळं एका ओळीचं. ओबेतनं एके सकाळी त्या ओळीतले नारळ पाडले, सोलले आणि त्यांची सोडणं तिथंच टाकून गेला, जसं काही मुद्दाम दाखवायला.

एलिफास तडक चर्चमध्ये गेला. सासी मागणाऱ्याला गावासमोर उभं राहून सांगावं लागतं, ती कधी सुटायची. शहाणी माणसं म्हणतात, नाताळपर्यंत. किंवा म्हणतात, पोराच्या लग्नापर्यंत. एलिफासच्या डोक्यात राख गेलेली. तो म्हणाला, "मी आणि ओबेत, दोघं मिळून जोवर ही गाठ सोडत नाय, तोवर आत कुणाचंच पाऊल पडायचं नाय!"

त्याला वाटलं होतं, ओबेतला पोरं जास्त, भूक जास्त. चार दिवसांत नाक घासत येईल. ओबेत आला नाही. पुढच्या जहाजानं बायकापोरांना घेऊन तो लांबच्या सोरोंग शहराला गेला आणि तिथल्या धक्क्यावर ओझी वाहू लागला.

आणि असं तोंडातून गेलेलं बदलत नाही. देवानं ऐकलेलं असतं, आणि मेलेल्या आज्या-पणज्यांनीही.

बेटावर विकण्यासारखं एकच, सुकं खोबरं. बागवाला एलिफास आता शेजाऱ्याच्या, लिनुसच्या, माडांवर चढे आणि अर्ध्या वाट्यावर खोबरं सुकवी. लिनुस माणूस बरा, पण तोंडाला कुलूप नाही.

"तेते," तो म्हणायचा (म्हाताऱ्यांना तिथं तेते म्हणतात), "तुमच्या बागेतले उंदीर बघितलेत? पाद्रीबाईंपेक्षा जाड झालेत. पुढच्या वर्षी तेच चर्चला वर्गणी देतील."

"तुझ्या माडावर बसलोय म्हणून ऐकून घेतो. नायतर डोक्यात नारळ घातला असता."

"घाला की. अर्धा तुमचा, अर्धा माझा."

अशी बरीच वर्षं गेली. जुन्या पाद्रीबाई बदलून गेल्या, नव्या आल्या. तरुण, शिकलेल्या. त्यांनी दोघांची दशा पाहिली आणि घरी आल्या. "तेते, बंदी चर्चनं घातली, चर्चच उठवेल. या रविवारी मी प्रार्थना करते."

"इबु," तो म्हणाला (मानाच्या बाईला तिथं इबु म्हणतात), "तुमची प्रार्थना तुम्ही सोडाल. माझा शब्द कोण सोडणार?"

"देव माफ करतो."

"देव करतो हो. माझा आजा नाय करायचा."

पाद्रीबाई गेल्यावर दोर्कानं पातेलं आपटलं. "तुझा आजा येऊन साबुकंद खातो का रोज? खाऊन तर बघ म्हणावं." दुसऱ्या दिवशी तिनं लिनुसचा फोन मागून घेतला आणि टेकडीवर गेली. गावात फोन लागत नाही. टेकडीवर, थडग्यांच्या वर उभं राहिलं तर लागतो.

"ओबेत? अरे मुडद्या, वहिनी बोलतेय तुझी."

पलीकडून बराच वेळ खोकला ऐकू आला. "तो का नाय बोलत?"

"लाजतो."

"मीपण लाजतो, वहिनी."

"मग लाजत बसा दोघं. मी मरते इकडं."

"तू नको मरू," ओबेत म्हणाला. "येतो. येत्या जहाजानं येतो."

दोर्का टेकडीवरून उतरली ती पोरीसारखी. एलिफासनं कोयत्याला धार लावली. खोबरं सुकवायची जुनी मांडवी शाकारली. एवढंच नव्हे, लिनुसला सांगून टाकलं की आता दुसरा माणूस बघ.

जहाज आलं ते पूर्वेच्या वाऱ्यात. वेर्लोरला धक्का नाही; जहाज खडकांबाहेर उभं राहतं आणि होड्या माणसं उतरवून आणतात. त्या दिवशी लाटा घराएवढ्या. जहाजानं नांगर टाकलाच नाही. नुसता वेग कमी केला, भोंगा दिला.

"थांबत नाय ते," लिनुस म्हणाला.

एलिफासनं होडी पाण्यात लोटली होती.

"तेते, मरायचंय काय?"

"तू बस नायतर बाजूला हो."

लिनुस शिव्या घालत बसला. दोघांनी वल्ही मारली, होडीचा तोल धरणारी एका बाजूची उलांडी मोडता मोडता राहिली, आणि एकदाचे जहाजाच्या बगलेला पोचले. वर कठडा धरून एक हाडकुळा माणूस उभा होता. एलिफासनं त्याला आवाजावरून ओळखलं.

"ए एलिफास! काय म्हातारा झालास रे!"

"तू काय कोवळा राहिलास? उतर!"

"शिडी टाकत नायत!"

"उडी मार! आम्ही धरतो!"

"छातीत दम नाय. बुडेन!"

लाटेनं होडी लांब फेकली, पुन्हा जवळ आणली. एलिफास उभा राहिला. लिनुसनं त्याची चड्डी मागून मुठीत धरली.

"ओबेत! ती ओळ तुझी! ऐकतोस का? सगळी ओळ तुझी!"

"मला नको ती! तुला द्यायलाच आलो होतो!"

"मग भांडलास कशाला, गाढवा?"

ओबेत हसला की खोकला, खालून कळलं नाही. जहाजानं जोर धरला. "परतीला उतरतो!" एवढं वाऱ्यावरून आलं.

एलिफास किनाऱ्याला आला तेव्हा दोर्का गुडघाभर पाण्यात उभी होती. "परतीला उतरतो म्हणाला," त्यानं सांगितलं. "ओळ नको म्हणाला."

जहाज पुढची बेटं करून परत आलं तोवर वारा पडला होता. दर्या तेल ओतल्यासारखा. सगळ्या होड्या आरामात गेल्या आणि तांदळाची पोती, पत्रे, कोंबड्या घेऊन आल्या. ओबेत नव्हता. जहाजावरच्या स्वयंपाक्यानं एक बिस्किटांचा डबा तेवढा पाठवला, ओबेतनं वहिनीसाठी आणलेला, आणि निरोप. खोकल्यानं जीव घाबरा झाला म्हणून ओबेतला पुढच्या बंदरात उतरवलं होतं. तिथंच तो गेला आणि तिथंच पुरला.

पाद्रीबाई पुन्हा आल्या. "तेते, आता तर दुसरा माणूसच उरला नाही. आता तरी सोडू."

"आधी तो लांब होता, इबु. लांबचं माणूस येतं. आता कुणाची वाट बघायची, तेवढं सांगा."



रात्री दोर्कानं डबा उघडला नाही, कपडे मात्र गाठोड्यात बांधले. "मी लेकीकडे जाते, सौम्लाकीला. तूपण चल."

"बागेजवळ कुणीतरी नको?"

"कुणाची बाग रे?"

"माझी."

"मग जा, एक नारळ घेऊन ये. चल, ऊठ."

एलिफास बसून राहिला. ती वाट बघत होती, खरंच बघत होती. मग तिनं गाठोड्याची गाठ ओढली.

पुढच्या जहाजाला त्यानंच तिला होडीतून नेलं. शिडी खाली आली होती. पहिल्या पायरीवर पाय ठेवून ती वळली.

"भात शिजवता येतो तुला?"

"येईल."

"नाय येणार," दोर्का म्हणाली आणि वर चढून गेली.

जहाज लांब गेल्यावर त्यानं होडी वळवली. वाळूवर लिनुस वाट बघत होता. त्यानं होडी ओढायला हात लावला आणि आज पहिल्यांदा थट्टा केली नाही.

"तेते, दुसरा माणूस नाय मिळाला मला. चढाल ना?"

"चढतो."

"गुडघे?"

"आहेत अजून."

लिनुसच्या मांडवीखाली खोबरं सुकवायला धूर धरला होता. त्यानं फोडलेल्या नारळांची रास पुढ्यात लोटली, आणि एलिफास खाली बसून दुसऱ्याचं खोबरं करवंटीतून सोडवू लागला.