मामाच्या फेट्याचा फोटो

वडीगोद्रीत हायवेच्या कडेला मोनिकाचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा-नवरी जरा कमी देखणे दिसले तरी कुणी फारसं बोलत नाही, पण फेटा बांधलेला एकही पाहुणा अल्बममधून सुटता कामा नये, हे ती पहिल्याच लग्नसराईत शिकली. आपल्याकडे मान नुसता देऊन भागत नाही, तो दिसावा लागतो. फोटो नाही म्हणजे फेटाच नाही. मग माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारचं पाणी पीत नाहीत. म्हणून प्रत्येक लग्नाचं तिनं कॉम्प्युटरवर वेगळं फोल्डर केलं होतं आणि सगळी फोल्डरं क्लाउडवर चढवली होती. मशीन जळलं तरी मानपान शाबूत!

त्या दिवशी सकाळी शहागडचे कल्याणकाका दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते. रविवारी त्यांच्या धाकट्या लेकीचं, शीतलचं लग्न. आणि तिचा सख्खा मामा, वाटूरचा इंद्रभान, यायला तयार नव्हता. थोरल्या भावनाच्या लग्नात आपल्याला फेटा बांधला नाही, हे त्यानं मनात धरलं होतं.

"माझ्या ह्या हातानं बांधला व्हता, मोनिकाताई," काका तावातावानं म्हणाले. "आन आता पोरगी म्हणू राह्यली, मामा पाठीशी उभा न्हाई तर मी बोहल्यावर चढतच न्हाई. तेवढा फोटो शोधून दे. मंग बघतो कसा येत न्हाई तो!"

"बसा काका, चहा घ्या. आत्ता देते," म्हणत मोनिकानं मशीन चालू केलं.

मशीननं आपल्याच मनानं नवं अपडेट घेतलं होतं. जिथं रोज लग्नांची फोल्डरं असायची, तिथं काहीच नव्हतं. तिनं बंद करून पुन्हा उघडलं. रिकामं. भाड्याचं घर सोडतानाही माणूस शेजाऱ्याला सांगून जातो, आणि ह्या अपडेटवाल्यांना तेवढीही रीत नाही! पुन्हा पुन्हा ती तीच जागा उघडत होती, आणि जागा पुन्हा पुन्हा रिकामी निघत होती.

मोनिका मेंढपाळाची लेक. लहानपणी एकदा सुट्टीत ती आश्रमशाळेतून आली, तर आधी जिथं मेंढरांचा वाडा मुक्कामाला होता त्या रानात नुसती चुलीची राख. ती तिथंच बसून रडली होती. शोधत आलेली आई, आसराबाई, हसून म्हणाली होती, "येडे, वाडा हलला म्हंजी मेंढरं मेली का? जुन्या जागी रडत बसू न्हाई. कोणाच्या रानात बसलीत ते इचारावं."

मोनिकानं आधी मोबाईलवर तेच क्लाउड उघडलं. सगळी लग्नं तिथं सुखरूप! जीव भांड्यात पडला. मग कॉम्प्युटरच्या खालच्या कोपऱ्यातल्या ढगाच्या चित्रावर क्लिक करून 'फोल्डर उघडा' म्हटलं, तसं मशीननं तिला भलत्याच ठिकाणी नेऊन सोडलं. अपडेटनं क्लाउडची सगळी फोल्डरं उचलून ह्या नव्या जागी मांडली होती.

"सापडलं का?"

"सापडलं, काका. वाडा हलला होता."

काकांना काही उमगलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

भावनाच्या लग्नातला तो फोटो निघाला आणि मोनिकाचा हात थबकला. काका स्वतःच्या हातानं फेटा बांधत होते, हे खरं. पण मान मागं वळवून ते आचाऱ्याशी बोलत होते, आणि फेट्याखालचं डोकं होतं वऱ्हाडाच्या गाडीच्या ड्रायव्हरचं! शेजारी इंद्रभान उभा होता. टोपी काढून हातात घेतलेली, मान जरा खाली झुकवलेली. वाट बघत.

काका चहा फुंकत होते. फोल्डर अपडेटमध्ये गेलं म्हटलं असतं तर ते खरं मानून उठले असते. गिऱ्हाईकही राहिलं असतं. पण मग शीतलच्या पाठीशी कोण? मोनिकानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"आरं देवा, हा तर डायवर!" काका खो खो हसले आणि मधेच थांबले. त्यांचं बोट त्या उघड्या डोक्यापाशी गेलं. "टोपी काढून उभा व्हता गं. आन मी त्यालाच खोटं पाडायला निघाल्तो." त्यांनी डोळे पुसले. "चल, कॅमेरा घे. जल्दी."

समोरच्या दुकानातून त्यांनी सगळ्यात भारी फेटा घेतला आणि दोघं वाटूरला पोचले. इंद्रभान ओट्यावर बसला होता. मेव्हण्याला पाहताच त्यानं तोंड फिरवलं.

"पाव्हणं, माझंच चुकलं," काका म्हणाले. "टोपी काढा."

इंद्रभाननं एकदा फेट्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि हळूच टोपी काढली. काका मन लावून बांधत होते, पण फेटा पार एका कानावर उतरला.

"दाजी," इंद्रभान म्हणाला, "त्या डायवरवर हात बसवून घेतला, तरी येत न्हाईच का तुम्हाला?"

दोघं लहान पोरांसारखे हसत सुटले, आणि हसता हसता एकमेकांच्या गळ्यात पडले. मोनिकाला डोळ्यांतल्या पाण्यानं कॅमेऱ्यात काही दिसेना, तरी ती बटण दाबतच राहिली.

इंद्रभाननं वाकडा फेटा तसाच सावरला आणि घरात हाक दिली, "अगं, कपडे भर. रविवारपर्यंत हितं बसून काय करायचं? आपल्या पोरीचं लगीन हाय!"