ढावलोला बसवलेला ठेका

"सर, रडणं मस्त आलंय. फक्त ते बीटवर आणा," रोहन मुंबईहून व्हिडिओ कॉलवर म्हणाला.

काचेपलीकडे कविता राठोड हेडफोन लावून उभी होती. सकाळपासून टेक चालले होते आणि दर टेकला ती एकाच जागी चुकत होती. चुकत होती म्हणजे काय, तर श्वास घेत होती.

"रोहनजी, रडताना माणूस श्वास घेतो," मी म्हणालो.

"हो, पण तो बीटवर घ्यायला सांगा ना."

मी परभणीत रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. एकीत मशीन, दुसरीत माइक, मध्ये जाड काच. भजनं, शाळांच्या गॅदरिंगचे ट्रॅक, बियाण्यांच्या जाहिराती, निवडणुकीत रिक्षावर फिरणारा प्रचार, हे सगळं माझ्याकडे रेकॉर्ड होतं. प्रचाराचा माणूससुद्धा मला कधी "श्वास बीटवर आणा" असं सांगत नाही.

कविता जिंतूर तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची. डी.एड. झालेली, एका खाजगी शाळेत शिकवायची आणि कार्यक्रमांत गायची. आवाज असा की माइक लांब ठेवावा लागायचा. तिचा एक व्हिडिओ मुंबईत रोहनच्या म्युझिक कंपनीने पाहिला. त्यांनी फोन केला, "तुमच्याकडचं काहीतरी इमोशनल पाठवा." तिने मोबाइलवर ढावलोच्या चार ओळी म्हणून पाठवल्या. कंपनीने दुसऱ्याच दिवशी त्यावर उडी मारली.

ढावलो म्हणजे बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना आईच्या, भावाच्या, मैत्रिणींच्या गळ्यात पडून म्हणते ते रडगाणं. गाणं म्हणायचं तर गाणं, रडणं म्हणायचं तर रडणं. आईचं नाव घ्यायचं, भावाचं घ्यायचं, अंगण, विहीर, जे जे सुटणार आहे त्याला हाक मारायची. पोरींना ते लग्नाआधी मोठ्या बायका शिकवतात. कविताची आई सक्रुबाई तिच्या तांड्यावर हे शिकवणाऱ्यांपैकी एक.

आता अडचण समजून घ्या. ढावलोला ठरलेला ताल नसतो. हुंदका संपला की ओळ संपते. कंपनीला हवा होता नाचायचा ट्रॅक. त्यासाठी गायकाच्या कानात क्लिक लावतात, म्हणजे घड्याळासारखी एकसारखी टिकटिक. गायकाने त्या टिकटिकीवर गायचं, मग वर ढोल, बेस काय वाटेल ते चढवता येतं. कविता क्लिकवर म्हणायला लागली की रडणं नाहीसं व्हायचं आणि पाढे म्हटल्यासारखं ऐकू यायचं. क्लिक बंद केली की अंगावर काटा यायचा आणि रोहन म्हणायचा, "सर, हे ड्रिफ्ट होतंय, बीट सोडतंय."

शब्दांचाही घोळ होता. बंजाऱ्यांची गोरमाटी बोली लोकांना कळणार नाही म्हणून कंपनीच्या गीतकाराने निम्मं हिंदी, निम्मं मराठी लिहून पाठवलं होतं. त्यात पिया होता, झुमका होता, सेल्फीसुद्धा होती. आई शोधून सापडत नव्हती.

मी कविताला बाहेर बोलावलं. "पोरी, हे तुला चालायलंय का?"

"काका, तुमी पण आता सुरू करू नका," ती चिडली. "तांड्यावरचे म्हणायलेत, गोरमाटीतच गा. गोरमाटीत गायले तर कोण ऐकणार? आमीच. आमी तर तसंही ऐकायलोच की! होळीला लेंगी गाऊन गाऊन घसा गेला माझा, जिंतूरच्या पुढं कुणी ओळखत न्हाई. एकदा नाव होऊ द्या, मग गोरमाटीत गाते."

एकदा नाव होऊ द्या, मग. हे वाक्य मी भजनी बुवांपासून शाहिरांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. नाव झाल्यावर त्या "मग"साठी कुणाला वेळ मिळालेला मी बघितला नाही. पण तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. त्यामुळे माझी जास्तच चिडचिड झाली.

सक्रुबाई त्या दिवशी पोरीसोबत आल्या होत्या. बाहेरच्या बाकावर गप्प बसून होत्या. रोहनला कॅमेऱ्यात त्या दिसल्या.

"सर, या कोण? मदर? वॉव. त्यांचा एक क्राय घेऊ. ओरिजिनल. बाकी कविता गाईल, मदरचा क्राय आपण हुक म्हणून वापरू."

हुक म्हणजे गाण्यातला तो तुकडा जो पुन्हा पुन्हा येतो आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात अडकतो. मी सक्रुबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच ते मागितलं होतं.

"भाऊ, लेक सासरी जायली तर म्हणायचा असतो. इथं कोण जायलंय?"

"याडी, एकदाच," कविता म्हणाली. याडी म्हणजे आई. "माझ्यासाठी."

"मुंबईच्या माणसाला आपलं रडणं कशाला पाहिजे?"

"त्याला आवडलंय गं."

सक्रुबाई उठल्या. पदर सारखा केला आणि आत आल्या. हेडफोन घातला नाही. मी क्लिक बंद केली आणि रोहनला म्यूट केलं. त्यांनी कविताचा हात धरला, तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि सुरू केलं. जणू त्याच नवरी होत्या आणि कविता त्यांची आई. संपल्यावर कविता खरंच रडत होती. मी मशीन बंद करायचं विसरलो, त्यामुळे नंतरचं तिचं नाक ओढणंही रेकॉर्ड झालं.

रोहनचा मेसेज आला: "गोल्ड!!!" मग दुसरा: "नाक ओढणं पण ठेवा, रॉ वाटतं."

पुढचं काम मुंबईत झालं. सक्रुबाईंच्या हुंदक्याचे तुकडे करून त्यांनी ठेक्यावर बसवले. एक हुंदका, ढोल, तोच हुंदका, ढोल. मला फायनल ट्रॅक आला तेव्हा मी एकदा ऐकला आणि चहा प्यायला खाली गेलो.

व्हिडिओचं शूटिंग पेडगावजवळ एका शेतात झालं. आवाजाची सोय बघायला मीही गेलो होतो. सक्रुबाईंनी स्वतः टाके घालून भरलेली फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा बायकांचा घागरा आणि चोळी, ट्रंकेतून काढून आणली होती. कंपनीच्या ड्रेसवाल्या बाईंनी ती उचलून बघितली.

"सुंदर आहे, पण कॅमेऱ्यात जुनी वाटेल. आपण आपली आणलीये."

त्यांच्या घागऱ्यावरचे आरसे प्लास्टिकचे होते. कविताने तोच घातला. सक्रुबाईंनी आपला घागरा घडी घालून पिशवीत ठेवला. "आरसे लय हलके हायेत," एवढंच म्हणाल्या.

गाणं चाललं. चाललं म्हणजे असं की मी सेलूच्या एका हळदीला गेलो तर डीजेवर तेच. पिंगळीच्या स्टेशनाबाहेर ऑटोत तेच. पोरं हुंदक्यावर दोन्ही हात वर करून उडी मारत होती. कविताला कार्यक्रम मिळायला लागले. औरंगाबाद, पुणे, एकदा टीव्हीवरही. टीव्हीवर निवेदकाने विचारलं, "जरा रडून दाखवता का?" तिने दाखवलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. तिने मला लगेच फोन केला, "काका, बघितलं का?" मी म्हणालो, बघितलं. पोरीला आनंद झाला होता, त्यावर मी आणखी काय बोलणार?

मग तिच्या धाकट्या बहिणीचं, पूजाचं लग्न आलं. मला आमंत्रण होतं. लग्न तांड्यावरच होतं. निघायची वेळ झाली. पूजा आईच्या गळ्यात पडली आणि तिने ढावलो सुरू केला. तिला आईनेच शिकवला होता. पोरीचा आवाज कविताइतका मोठा नव्हता, पण बारीक आणि सरळ होता.

दुसऱ्या ओळीच्या हुंदक्यालाच वऱ्हाडातल्या पोरांनी शिट्टी मारली. "अरे, तेच गाणं!" मोबाइल वर आले. कुणीतरी ओरडलं, "कविताताई, तुमी पण म्हणा की!" आणि नवरदेवाच्या गाडीच्या डेकवर कुणीतरी ट्रॅक लावला.

मी लग्नघरात खूप आवाज ऐकलेत. हा वेगळा होता. एकीकडे सक्रुबाई लेकीला धरून उभ्या, आणि गाडीतून त्यांचाच हुंदका ढोलावर, पुन्हा पुन्हा. पूजा गप्प झाली. तिने आईकडे बघितलं, मग गाडीकडे.

कविता धावत गेली आणि गाडीत हात घालून डेक बंद केला. "बंद करा! माझी बहीण जायली!"

पोरं हसली. तिचा तो संताप त्यांना कार्यक्रमाचाच भाग वाटला. एकाने तिचा व्हिडिओही काढला.

डेक बंद झाला, पण पूजाने पुन्हा सुरू केलं नाही. सक्रुबाई म्हणाल्या, "म्हण गं." ती मान हलवून न्हाई म्हणाली. कोरड्या डोळ्यांनी गाडीत बसली आणि गेली. तांड्यातल्या म्हाताऱ्या बायका कविताशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी कविता स्टुडिओत आली. "काका, त्या गाण्यातून याडीचा आवाज काढता येतो का?"

तांत्रिक उत्तर सोपं होतं. माझ्याकडच्या फाइलमधून येतो. पण गाणं कंपनीचं, आणि ते पोहोचलंय हजार डीजेंच्या पेन ड्राइव्हवर. तिथून कोण काढणार? तरी मी तिच्यासमोर रोहनला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं. लग्नात काय झालं, तेही.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, हे खूप पॉवरफुल आहे. आपण याचं सॅड व्हर्जन काढू या का? अनप्लग्ड. ही स्टोरीच व्हिडिओत टाकू. सिस्टरला आणता येईल?"

मी फोन कट केला. आयुष्यात क्लायंटचा फोन मी मधेच कट केलेला हा पहिलाच. कविता हसली, आणि हसता हसता तिने तोंडावर रुमाल धरला.

"मी त्याला हो म्हणाले होते काका, प्रत्येक वेळी," ती म्हणाली. "त्यानं जबरदस्ती कधी केली न्हाई."

ती खरं बोलत होती. रोहन वाईट माणूस नव्हता. दर सणाला तो मला शुभेच्छा पाठवतो, अजूनही.

नंतर तांड्याच्या नायकाने, म्हणजे प्रमुखाने, बायकांना बसवून ठरवलं. पूर्वी ढावलो अंगणात, सगळ्या तांड्यासमोर व्हायचा. आता नवरी घरात म्हणते, दार लावून, फक्त बायकांमध्ये. मोबाइल बाहेर.

पूजा पहिल्यांदा माहेरी येऊन परत जायला निघाली तेव्हा तिने राहिलेला ढावलो असाच म्हटला. दार लावताना तिने कविताला हाताने अडवलं. कविता मला हे सांगताना रडली नाही, माहिती दिल्यासारखं सांगितलं.

"मग तू काय केलंस?"

"उंबऱ्याबाहेर बसले. कुणी मोबाइल घेऊन आलं तर हाकलायला कुणीतरी लागतंयच की."

ती अजून गाते. ते गाणं सोडता येत नाही, लोक दुसरं काही ऐकायच्या आधी तेच मागतात. मधे तिने गोरमाटीत एक लेंगी माझ्याकडे रेकॉर्ड केली, होळीची, सगळ्यांनी मिळून म्हणायची. मी क्लिक लावली नाही. ती फारशी चालली नाही. तांड्यावर मात्र वाजते.

या धंद्यात आवाज स्वच्छ करता येतो, वाढवता येतो, तासता येतो. बाहेर गेलेला परत आणता येत नाही. म्हणून आता कुणी घरचं गाणं घेऊन आलं की माइक लावायच्या आधी मी एकच विचारतो: हे कुठं म्हणायचं नसतं? बरेच जण चिडतात. काही जण उठून दुसऱ्या स्टुडिओत जातात. तिथं एसीही आहे.