धनुष्याला भ्यालेला पक्षी

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातला आमचा तिसरा हिवाळा. मुलीला शाळेतून आणताना सिग्नलला ब्रेक दाबला, तरी गाडी बर्फावरून घसरत जाऊन पुढच्या व्हॅनवर आदळली. कुणाला लागलं नाही. पण घसरताना पायाखाली ब्रेकची जी घरघर झाली, तिची मी धास्तीच घेतली. नंतर निसरड्यावर तशी घरघर झाली की माझा पाय आपोआप वर यायचा. शेवटी मी ड्राइव्ह करणंच सोडलं. नोकरी मात्र ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासण्याची. चाकं लॉक होऊ नयेत म्हणून ही घरघर होते, पाय उचलायचा नाही, हे नव्या लोकांना मीच शिकवायचे.

ऑफिसातल्या एक चिनी बाई मला त्यांच्या गाडीतून न्यायला लागल्या. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, मोजकं बोलणाऱ्या. महिनाभरानं मीच त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, याला आमच्याकडे चार चिनी अक्षरांची म्हण आहे, धनुष्याला भ्यालेला पक्षी. एकदा जबर घाबरलेला माणूस पुढे नुसत्या चाहुलीनंही हादरतो, त्याला म्हणतात.

मग त्यामागची गोष्ट सांगितली. फार पूर्वी एका तिरंदाजानं राजासमोर बाण न लावताच दोरी ताणून सोडली आणि आकाशातला रानहंस खाली पडला. राजा थक्क झाला. तिरंदाज म्हणाला, हा हळू उडत होता, म्हणजे जुनी जखम दुखत होती. केविलवाणा ओरडत होता, म्हणजे थव्यापासून तुटला होता. दोरीचा आवाज ऐकून तो जिवाच्या आकांतानं वर झेपावला आणि जखम उघडली.

"म्हणजे आवाजानं पडला," मी म्हटलं.

"आवाजानं नाही. वर झेपावला म्हणून पडला."

शनिवारी त्या मला आणि मुलीला एका रिकाम्या, बर्फाळ पार्किंगमध्ये घेऊन गेल्या. मला चालवायला बसवलं. पहिल्या चार वेळा पाय उचललाच. पाचव्यांदा दात आवळून दाबून धरला. गाडी घरघरत थांबली.

"मॉम, इट स्टॉप्ड," मागून मुलगी म्हणाली.

एप्रिलपासून ऑफिसला जाताना गाडी मी चालवायला लागले, त्या शेजारी बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, हायवेनं जाऊया का, लवकर पोचू. त्या म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला हायवेवर अपघात झाला होता, तेव्हापासून त्या तिकडे जात नाहीत.

आतल्या रस्त्यानंच गेलो.